घार की गिधाड? रंग नका बगू, शेपटी बगा

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगराला लागून. उन्हाळ्यात नानांचा बैल मेला, तो गावाबाहेर माळावर टाकला तिथं सात-आठ घारी घिरट्या घालत होत्या अन् त्यातली एक खाली उतरून कोंबडीसारखी टकाटका चालत होती. चुलतभाऊ म्हणला घारच हाय की, रंग बग. रंग खरंच तसाच, मळकट तपकिरी, पण तोंडावर पिसंच नव्हती, नुसतं करडं कातडं आणि चोच लांब, बारीक. ते पांढऱ्या गिधाडाचं पोर होतं.

घोळ इथंच होतो. नाव पांढरं, पण पांढरं व्हायला त्याला पाचेक वर्षं लागतात, तोवर लोक घार समजून सोडून देतात. मोठं झालं की अंग पांढरं, पंखाची मागची बाजू काळी आणि तोंड पिवळंजर्द, आणि तो पिवळेपणा येतो गाईगुरांच्या शेणातून! शेणात कॅरोटिनॉइड म्हणजे पिवळा-नारिंगी रंग देणारी द्रव्यं असतात, ते खाऊन तोंड रंगतं, स्पेनमधल्या संशोधकांनी २००२ साली हे दाखवलं. मला तर हे लै भारी वाटतं.

वर उडत असलं की शेपटी बगा. घारीची मधून खाचलेली, बेचकीसारखी, आणि वळताना ती सारखी मुरडत राहते. पांढऱ्या गिधाडाची पाचरीसारखी, टोकाकडं निमुळती. आकारावर जाऊ नका, हे गिधाड घारीपेक्षा थोडंच मोठं असतं.

आणि कोंबडीचं पिल्लू उचललं की गिधाडावर आळ घेऊ नका. पायानं उचलून उडता उडता खाणारी ती घार, गिधाडाच्या पायात तेवढी पकडच नसते. त्याला दगड मारून हाकलणारे बगितले की जीव तुटतो, कारण पांढरं गिधाड २००७ पासून जगाच्या लाल यादीत धोक्यातलं म्हणून आहे.

गिधाडं कमी झाली त्याचं मोठं कारण म्हणजे जनावराला दिलेलं डायक्लोफेनॅक, दुखणं कमी करायचं औषध. जनावर मेलं तरी औषध मांसात राहतं आणि ते खाणाऱ्या गिधाडाच्या किडन्या निकामी होतात. जनावरांसाठी त्याच्यावर २००६ ला बंदी आली, २०२३ ला अ‍ॅसेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन या तसल्याच औषधांवर पण. मेलोक्सिकॅम हे पण दुखण्यावरचंच औषध, पण त्यानं गिधाडाला काही होत नाही.

म्हणून घरी आल्या आल्या आधी विचारलं, "नाना, बैलाला शेवटी इंजेक्शन कोणतं दिलतं?" नानांनी गोठ्याच्या कोनाड्यातली बाटली काढून हातात दिली, धूळ पुसून नाव वाचलं, मेलोक्सिकॅम.