सोन्यावर डीएनए उभा करायचा तर आधी मीठ घाला

रबाळ्याला एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये आम्ही डीएनएचे सेन्सर बनवतो, म्हणजे सोन्यावर डीएनएचे धागे बसवायचे आणि समोरून त्यांचा जोडीदार धागा आला की सिग्नल मिळतो. तिथे माझे सुरुवातीचे कित्येक दिवस सोनं घासण्यात गेले. दागिना नाही हो, प्लॅस्टिकच्या दांडीच्या टोकाला बसवलेली 2 मिलिमीटरची टिकली, तिलाच इलेक्ट्रोड म्हणायचं. ओल्या पॅडवर अ‍ॅल्युमिनाची पावडर टाकून इंग्रजी आठ काढत घासायचं, कारण एकाच दिशेने घासलं की चरे पडतात. मग वर डीएनएच्या छोट्या धाग्यांचा एक थेंब सोडायचा, थेंब सुकू नये म्हणून झाकण उपडं घालायचं आणि ठाण्याची लोकल पकडायची.

सकाळी येऊन बघते तर सिग्नल नावालाच. मीठ घालायला विसरले होते!

कसंय, डीएनएच्या कण्यात जागोजागी फॉस्फेट असतात आणि प्रत्येकावर निगेटिव्ह चार्ज, म्हणजे 20 अक्षरांच्या (अक्षरं म्हणजे अ‍ॅडेनीन, थायमीन असे धाग्यातले घटक) एका धाग्यावर साधारण तेवढेच चार्ज, मग असे दोन धागे शेजारी आले की एकमेकांना ढकलणारच ना. मिठातलं सोडियम त्या चार्जभोवती जमतं आणि ढकलाढकली कमी होते. आम्ही लिटरला 58 ग्रॅम मीठ वापरतो, समुद्राच्या पाण्यात साधारण 35 असतं.

ऐरोलीला खाडीत फ्लेमिंगो बघितलेत ना, खाऱ्या पाण्यात एका पायावर उभे? आम्हाला धागे तसे हवे असतात. त्यासाठी धाग्याच्या एका टोकाला गंधक असलेला थायॉल नावाचा गट लावून घेतात, गंधक सोन्याला घट्ट धरतो, झाला पाय तयार. पण एकेरी धाग्याची अक्षरं उघडी असतात आणि त्यांनाही सोनं आवडतं, अ‍ॅडेनीनला सगळ्यात जास्त, थायमीनला सगळ्यात कमी. त्यामुळे फ्लेमिंगो उभा राहायचा सोडून चिखलात आडवा! आडव्या धाग्याला समोरून आलेला जोडीदार धागा नीट पकडता येत नाही आणि सेन्सरचं कामच तर ते असतं.

यावरचा उपाय 1997 मध्ये हर्न आणि टार्लोव्ह या संशोधकांनी छापला. मर्कॅप्टोहेक्सॅनॉल नावाचा बुटका रेणू नंतर सोडायचा. त्यालाही गंधकाचा पाय, तो सोन्यावरची मोकळी जागा बळकावतो, अक्षरांना 'उठा, उठा' करतो आणि धागे उभे राहतात. वास मात्र भयंकर, त्या दिवशी लोकलमध्ये लोक जरा लांबच बसतात.

आता वाटेल जितके धागे जास्त तितकं बरं, मलाही तसंच वाटायचं. समजा एका चौरस सेंटीमीटरवर 3 लाख कोटी धागे बसवले तर दोघांमधलं अंतर जेमतेम 6 नॅनोमीटर येतं, जोडी जमल्यावर जाडी 2 नॅनोमीटर, म्हणजे जागा आहे असं दिसतं, पण येणारा प्रत्येक जोडीदार स्वतःचे निगेटिव्ह चार्ज घेऊन येतो, त्यामुळे दाटी वाढली की तो बाहेरच ताटकळतो. थोडी विरळ वस्तीच बरी.

खरी मजा व्होल्टेजची. इलेक्ट्रोड थोडा निगेटिव्ह केला की धागे ताठ, पॉझिटिव्ह केला की सोन्याकडे झुकतात. मीही बटण खाली-वर करत बसले होते, आणि एकदा फारच निगेटिव्ह नेलं तर गंधकाचा पायच सुटला, सगळे धागे पाण्यात. मग काय, परत पावडर, परत आठ.