मैदान शहराचं : नेहरू स्टेडियमची पार्श्वभूमी

पुण्यात क्रिकेट जुनं आहे, पण ते बराच काळ जिमखान्यांच्या कुंपणाआत होतं. पूना क्लब, पीवायसी, डेक्कन जिमखाना या सगळ्या सभासदांच्या संस्था. गोऱ्यांच्या काळात पुण्यातल्या मैदानावर खेळपट्टी रोलरने दाबणारा, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणारा पळवणकर बाळू पुढे देशातला नावाजलेला फिरकी गोलंदाज झाला. जातीमुळे त्याला मैदानावरच वेगळ्या पेल्यातून चहा घ्यावा लागे. १९४८ च्या डिसेंबरात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या, त्याही पूना क्लबच्या मैदानावर. ब्रॅडमनचा एका डावातल्या ४५२ धावांचा विक्रम अगदी हाताशी असताना काठियावाडने सामना सोडून दिला आणि त्या नऊ धावा राहून गेल्या.

पुणे महानगरपालिका झाली १९५० मध्ये. स्वारगेट आणि सारसबागेच्या मधल्या जागेत पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९६९ साली आलं. ते कुठल्या जिमखान्याचं नव्हतं, महापालिकेचं होतं, म्हणजे घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाचं. सुमारे २५ हजार माणसं बसतील एवढं हे स्टेडियम एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सातारा-सोलापूरकडून आलेला माणूस स्टँडवर उतरला की थेट सामन्याला. या सोयीचं मोल पुढे फार जाणवलं.

५ डिसेंबर १९८४ ला इथे भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना झाला. दिलीप वेंगसरकरने १०५ केल्या, गॅटिंगने नाबाद शतक ठोकून सामना इंग्लंडकडे नेला. १९८७ च्या विश्वचषकातली इंग्लंड-श्रीलंका लढतही इथलीच.

पण हे मैदान जगाला ठाऊक झालं ते २९ फेब्रुवारी १९९६ ला. केनियाचा पहिलाच विश्वचषक, बहुतेक खेळाडू हौशी. त्यांच्या १६६ धावा झाल्या आणि समोर लारा, रिचर्डसन, अँब्रोज, वॉल्श असलेली वेस्ट इंडिज. लारा ८ धावांवर यष्टीमागे झेल देऊन परतला. कर्णधार मॉरिस ओडुंबेने १५ धावांत तीन बळी घेतले. दोनदा विश्वविजेता झालेला संघ ९३ वर गारद! विश्वचषकातल्या सर्वांत मोठ्या धक्क्यांची कुठलीही यादी काढा, त्यात पुणे आहे.

शेजारीच गणेश कला क्रीडा मंच आहे, तोही महापालिकेचा. नावातच कला आणि क्रीडा दोन्ही, आणि खरोखर दोन्हींसाठी ही एकच वास्तू. १९८९ पासून भरणाऱ्या पुणे फेस्टिव्हलशी, गणपतीच्या दिवसांतल्या नाच-गाण्यांशी ‘गणेश कला’चं नाव जोडलं गेलं आहे. संमेलनं, मेळावे, बक्षीस समारंभ हे वर्षभर चालतंच. क्रिकेटपेक्षा अशा साध्या वापरातच सार्वजनिक वास्तू आपली वाटायला लागते, असं मला वाटतं.

जागा पालिकेची आणि सामने महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे, ही घडी पुढे विस्कटली. कारण तिकिटांच्या वाटपाचं. असोसिएशनने स्वतःचं स्टेडियम बांधायचं ठरवलं आणि द्रुतगती मार्गालगत गहुंजे इथे ते उभं राहिलं. डिसेंबर २०१२ मध्ये तिथे भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी झाली, २०१७ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुण्यातली पहिली कसोटी. स्टेडियम देखणं आहे, सोयीही उत्तम. पण शहरापासून लांब. स्वतःची गाडी नसलेल्या पोराला, पेन्शनीतल्या आजोबांना तिथे पोहोचणं अवघड, आणि रात्री सामना सुटल्यावर परतणं त्याहून अवघड. वाद मिटवून जुनं मैदानच सुधारलं असतं, तर ही माणसं क्रिकेटपासून तुटली नसती.

स्वारगेटला २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोही येते. भारताचा संघ मात्र नेहरू स्टेडियमवर शेवटचा खेळला तो ३ नोव्हेंबर २००५ ला, श्रीलंकेविरुद्ध.