पसारा आला कुठून? खान्देशातल्या घरांची पार्श्वभूमी

घरातल्या पसाऱ्याचा विषय निघाला की बोट दाखवलं जातं घरातल्या बाईकडे, नाहीतर 'राहू दे, लागेल कधीतरी' म्हणणाऱ्या आजी-आजोबांकडे. पण साठवण ही खान्देशात कित्येक पिढ्या शहाणपणाची गोष्ट होती. पाऊस बेभरवशाचा. १८९९-१९००च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आणि १९७२चा दुष्काळ स्वतः सोसलेल्या माणसांनी ही घरं चालवली. वर्षाची दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, आणि गहू कोठीत, उन्हाळ्यात केलेले पापड, कुरडया, ज्वारीचे बिबडे डब्यांत. धाब्याच्या घरातली मागची अंधारी खोली त्यासाठीच असायची, आणि तिथलं बहुतेक सामान वर्षभरात संपायचंही.

शिवाय वस्तूंना घराबाहेर पडायच्या वाटा होत्या. जुनं सुती लुगडं गोधडीत जायचं, बरे कपडे बोहारणीकडे भांड्याच्या बदल्यात. तांब्या-पितळेचं फुटकं भांडं मोडीत घालून नवं यायचं. आणि वर्षातून एकदा कानबाई, म्हणजे खान्देशातल्या घरोघरच्या देवीचा सण. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. भाऊबंद रोटांसाठी, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जेवणासाठी, एकत्र येणार म्हणून त्याआधी घराला रंग, अंथरूण-पांघरुणांची धुणी, डबे घासणं, सगळं होतं. दिवाळीपेक्षाही कसून आवराआवर अनेक घरांत याच दिवसांत होते. देवीच्या धाकाने का होईना, माळा रिकामा व्हायचा.

गेल्या तीन-चार दशकांत या वाटा अरुंद झाल्या. स्टील झिजत नाही, त्यामुळे मोडीत घालायची वेळच येत नाही. लग्नाच्या आहेरातले डबे वेष्टनासकट कपाटावर चढतात. सिंथेटिक साडीची गोधडी ऊबदार होत नाही. बोहारीण क्वचित दिसते. १९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर बाजार भरभरून वस्तू देऊ लागला आणि हप्त्यावर सगळं मिळू लागलं. त्यातच मुलं सुरत, पुणे, नाशिकला गेली. त्यांची पुस्तकं, पलंग, बंद पडलेला टीव्ही मात्र गावाकडच्या घरात राहिला. ही घरं आता गोदामं झाली आहेत, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

मनावर याचं काय होतं, याचा शास्त्रीय अभ्यास तसा अलीकडचा. डार्बी सॅक्सबी आणि रीना रेपेटी यांनी लॉस एंजेलिसमधल्या, दोघंही नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. जोडप्यांनी स्वतःच्या घराची फेरी मारत त्याचं वर्णन केलं होतं. ज्या बायकांनी घर पसरलेलं, अर्धवट कामांचं असल्याचं सांगितलं, त्यांच्यात कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं आणि दिवस सरताना उदासी वाढत होती. पसाऱ्याने ताण येतो की ताणलेल्या माणसाकडून पसारा आवरला जात नाही, हे यातून ठरत नाही. दोन्ही खरं असू शकतं. पण घरातलं अर्धवट काम आपल्याकडे कुणाच्या नावावर मांडलं जातं, हे पाहिलं तर हा निष्कर्ष जळगाव-धुळ्यातही अनोळखी वाटू नये.

साधा पसारा आणि आजार यांत मात्र फरक करायला हवा. काहीही टाकताना असह्य त्रास होणं, वस्तूंमुळे झोपायला-स्वयंपाकाला जागा न उरणं, याला अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली स्वतंत्र विकार मानलं. अशा माणसाच्या मागे घर उपसून टाकलं तर त्रास वाढतो. तिथे मानसोपचारतज्ज्ञ हवा.

बाकीच्यांनी सुरुवात आठवणींच्या पेटीपासून करू नये. तिथे हात अडकतो आणि दुपार निघून जाते. मुदत संपलेली औषधं, झाकण हरवलेले डबे, बंद चार्जर, जुनी बिलं, यांच्यात कुणाचा जीव नसतो. एका बैठकीत एकच फळी घ्यावी आणि काढलेलं त्याच दिवशी भंगारवाल्याकडे किंवा गरजूकडे पोचवावं, नाहीतर पिशवी दाराशीच मुक्काम करते. कोऱ्या आहेराच्या डब्यांना पुढचं लग्न आहेच. सासूबाईंचं लुगडं, वडिलांची पेटी यांना घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये. बाहेरगावी गेलेल्या मुलांचं सामान फोनवरून निकालात निघत नाही. कानबाईला सगळे येतात, त्या सोमवारी विसर्जन झाल्यावर त्यांच्या पेट्या त्यांच्याच पुढ्यात उघडाव्यात आणि हवं ते त्यांच्या परतीच्या गाडीत चढवावं.