अक्कलदाढ आणि पंचविशीचा आकडा

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. मेंदूबद्दलही हल्ली तसंच ऐकू येतं, पंचविशी गाठली की तो पिकला. या आकड्याला ठोस आधार नाही. बऱ्याच अभ्यासांतली माणसंच जेमतेम विशीपर्यंतची होती, त्यामुळे मेंदूच्या वाढीचा आलेख तिथे संपला. मेंदू त्यानंतरही बदलत राहतो.

मोठं होताना मेंदू जोडण्या वाढवत बसत नाही, उलट छाटतो. मेंदूविकारतज्ज्ञ पीटर हटनलॉकर यांनी १९७९ साली मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंतल्या चेतापेशींच्या जोडण्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. एक-दोन वर्षांच्या बाळात, कपाळामागच्या भागात, त्या मोठ्या माणसापेक्षा सुमारे दीडपट दाट निघाल्या. वापरातल्या टिकतात, बाकीच्या हळूहळू गळतात. टिकलेल्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं वेष्टण चढतं. उघड्या तंतूतून संदेश सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर जातो, जाड वेष्टणातून शंभरच्या आसपास. आवर घालणारा कपाळामागचा भाग या रांगेत शेवटी उभा असतो.

म्हणून पोरवयात अक्कल नसते, असं मात्र नाही. शांतपणे, वेळ घेऊन विचार करायचा असेल तर सोळा वर्षांची मुलं मोठ्यांच्या जवळपास पोचतात. घोळ होतो तो चारचौघांत. २००५ साली मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ खेळायला दिला: दिवा पिवळा झाल्यावर थांबायचं की आणखी पुढे दामटायचं? मित्र बघत असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी एकट्याच्या सुमारे दुप्पट धोका पत्करला. २४ च्या पुढच्यांना मित्र असले-नसले सारखेच.

मोठ्यांचा पायही तापल्या डोक्याने घसरतोच. ‘यापुढे चिडणार नाही’ हा निश्चय टिकत नाही, कारण तो नेमका कधी आठवायचा हे त्यात ठरलेलंच नसतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची ‘जर-तर’ पद्धत इथे कामी येते. रागाचा मेसेज टाइप झाला, तर फोन पालथा ठेवून खोलीबाहेर जायचं. ‘जर’मध्ये डोळ्यांना दिसणारी खूण हवी, ‘तर’मध्ये करायची कृती. ‘तर पाठवायचा नाही’ असं लिहिलं, की डोक्यात पाठवणंच घोळत राहतं. आणि एका वेळी असा एकच ‘जर-तर’ लिहायचा. पाच लिहिलेत तर ऐन वेळी एकही आठवणार नाही.