ॲलेक्स एझार आणि स्कॉट गॉटलिब: दोघं फार्मावाले, पण एक नव्हेत

ट्रम्पच्या पहिल्या टर्ममध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्यात "फार्मा कंपनीचा माणूस" आणून बसवला असं लोक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ॲलेक्स एझार आणि स्कॉट गॉटलिब यांची सरमिसळ होते. दोघांची पदं वेगळी, अधिकार वेगळे, आणि माझ्या मते आक्षेपही वेगळा.

एझार मुळात वकील. बुशच्या काळात तो याच आरोग्य खात्यात आधी मुख्य वकील आणि मग उपमंत्री होता, 2007 मध्ये एली लिली या औषध कंपनीत गेला, 2012 ते 2017 लिलीच्या अमेरिकेतल्या धंद्याचा प्रमुख, आणि जानेवारी 2018 मध्ये परत त्याच खात्यात, यावेळी थेट मंत्री म्हणून. सिनेटमध्ये 55 विरुद्ध 43 मतांनी पास झाला. तो लिलीत प्रमुख असताना त्यांच्या ह्युमॅलॉग इन्सुलिनची छापील किंमत दुपटीहून जास्त वाढली, आणि इन्सुलिन काही हौसेने कुणी घेत नाही, त्यामुळे लोकांचा संताप अगदी रास्त होता.

गॉटलिब डॉक्टर. बुशच्या काळात तोही सरकारात होता, एफडीएचा (औषधांना मंजुरी देणारी अमेरिकेची सरकारी संस्था) उपआयुक्त, मग बरीच वर्षं औषध कंपन्यांचा सल्लागार आणि गुंतवणुकीच्या कामात, आणि मे 2017 पासून एफडीएचा आयुक्त. एफडीए आरोग्य खात्याच्याच हाताखाली येतं, म्हणजे एझार मंत्री झाल्यावर गॉटलिबचा बॉस.

आता खरा फरक. औषध सुरक्षित आहे का, काम करतं का हे एफडीए बघतं, मंजुरी देताना किंमत बघायचा अधिकार त्यांना नाहीच. गॉटलिबला किमतीवर एवढंच करता येत होतं की जेनेरिक (म्हणजे मूळ ब्रँडेड औषधाच्या स्वस्त आवृत्त्या) भराभर मंजूर करून स्पर्धा वाढवायची, आणि ते त्याने मनापासून केलं, त्याच्या काळात जेनेरिक मंजुऱ्यांचे विक्रम झाले. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मात्र मंत्र्याच्या खात्यात, म्हणजे पैशाची मोठी दोरी एझारच्या हातात.

त्या दोरीचं त्याने काय केलं तर 2019 मध्ये नियम काढला की महिन्याला 35 डॉलरच्या वर जाणाऱ्या औषधाच्या टीव्ही जाहिरातीत छापील किंमत सांगायची. त्यावर कोर्टात गेल्या मर्क, ॲमजेन या औषध कंपन्या आणि... एली लिली! त्याचीच जुनी कंपनी. जुलै 2019 मध्ये कोर्टाने नियम रद्द केला, कारण खात्याला तसा अधिकार काँग्रेसने दिलेलाच नाही. म्हणून "लिलीचा माणूस लिलीचंच ऐकणार" हे इतकं सरळ नाहीये, निदान या प्रकरणात तरी नव्हतं. अर्थात जाहिरातीत किंमत सांगितल्याने इन्सुलिन स्वस्त होत नाही हेही तितकंच खरं, आणि मंत्री म्हणून त्याच्याकडून जास्त अपेक्षा होती.

गॉटलिबवर एवढी टीका झाली नाही, शाळकरी मुलांच्या व्हेपिंगविरुद्ध (ई-सिगारेट ओढण्याविरुद्ध) तो ठामपणे उभा राहिला म्हणून कौतुकही झालं. पण एप्रिल 2019 मध्ये पद सोडलं आणि जूनमध्ये फायझरच्या संचालक मंडळावर! कायद्यात बसतं, मान्य. तरी मला एझारच्या लिलीतून येण्यापेक्षा गॉटलिबचं हे जाणं जास्त खटकतं, कारण येणाऱ्या माणसाला सिनेट समोर बसवून जुन्या नोकरीबद्दल चार तास प्रश्न विचारू शकते, जाणाऱ्याला कुणीच काही विचारत नाही, आणि ज्या कंपनीची औषधं कालपर्यंत आपली संस्था तपासत होती तिच्याच टेबलावर तो आज बसलेला असतो.