पिवळी विमानं, गोल मैदानं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या माझ्या मित्राने कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये पहिल्यांदा स्टीअरमन हे शिकाऊ वैमानिकांचं जुनं विमान घेतलं, तेव्हा ते धावपट्टीपर्यंतसुद्धा पोचलं नाही. दुमजली पंखांचं, शेपटी जमिनीला टेकवून बसणारं विमान. समोर नुसतं इंजिन आणि त्याच्यावर आभाळ. "भावा, हे सरळ का जाईना? आणि पुढचं काय दिसंना पण," म्हणून तो वैतागला. पुढचं दिसत नाही म्हणूनच सरळ जायचं नसतं. नागमोडी जायचं, एकदा डावीकडून डोकवायचं, एकदा उजवीकडून. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलात भरती झालेल्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकावं लागायचं.

सिम्युलेटरसाठी स्टीअरमन आज जगात कुणीही बनवून देतं. ते जिथे उतरायचं ती मैदानं मात्र फार थोडे जण बनवतात, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे.

अमेरिकन नौदलाने फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला उड्डाण शिकवण्याचा तळ जानेवारी १९१४ मध्ये सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात एका तळावर भागेना. मग आजूबाजूला सॉफ्ली, एलिसन, ब्रॉन्सन, बॅरिन, व्हाइटिंग अशी मैदानं उठली आणि मार्च १९४१ मध्ये टेक्सासात कॉर्पस क्रिस्टीचा तळ कामाला लागला. बॅरिनला इतके अपघात झाले की पोरं त्याला 'ब्लडी बॅरिन' म्हणायची. विमानं पिवळीधमक. आभाळात शिकाऊ माणूस आहे हे लांबूनच कळावं, म्हणून. त्यावरून नाव पडलं 'यलो पेरिल', म्हणजे पिवळं संकट.

यातली बरीच सराव-मैदानं गोल किंवा अष्टकोनी होती. आडव्या वाऱ्यात नवख्याला उतरवणं म्हणजे विमान गिरकी घेऊन पंखावर पडण्याची जवळपास हमी. तेव्हा ठरावीक धावपट्टीच नको. वारा जिकडून येतोय तिकडे तोंड करून उतरा. तालमीतल्या हौद्यासारखं, कुठूनही उतरलं तरी खाली मातीच. शिवाय एका वेळी दोन-तीन विमानं शेजारी शेजारी उतरू शकायची.

सिम्युलेटरला हे पटत नाही. त्याला धावपट्टी हवी, तिला दिशेचा आकडा हवा. म्हणून मैदान बनवणारे एक युक्ती करतात: एकमेकींना छेदणाऱ्या चार-पाच गवती धावपट्ट्या टाकायच्या, त्यांचे आकडे आणि खुणा लपवायच्या आणि वरून डांबरी अष्टकोनाचं चित्र अंथरायचं. दिसायला एक मैदान, आतून चक्री.

आता थोडं मागे जायला हवं, कारण सिम्युलेटर हे यंत्रच या शिकवणीच्या गरजेतून आलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानोचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते लिंकने एका लाकडी खोक्याखाली लावले. आतल्या माणसाने दांडा हलवला की खोकं डुलायचं, वळायचं. हे १९२९ च्या सुमाराचं. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखं करमणुकीलाच जास्त गेलं. १९३४ मध्ये अमेरिकन लष्कराला टपाल वाहून नेण्याचं काम मिळालं, खराब हवेत वैमानिक मेले, आणि लष्कराने लिंकची सहा खोकी विकत घेतली. महायुद्ध संपेपर्यंत असे दहा हजारांहून जास्त ट्रेनर तयार झाले.

१९४४ मध्ये अमेरिकन नौदलाने एमआयटी या तंत्रविद्यापीठाकडे एक मागणी केली: वेगवेगळ्या विमानांची चाल गणिताने उभी करणारा एकच ट्रेनर द्या. तिथले इंजिनिअर जे फॉरेस्टर आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. जुन्या पद्धतीचं यंत्र पुरेना, म्हणून ते डिजिटलकडे वळले. हळूहळू कॉकपिट बाजूला पडलं आणि उरला तो व्हर्लविंड नावाचा कॉम्प्युटर, १९५१ मध्ये चालू झालेला. विचारल्याबरोबर उत्तर देणाऱ्या पहिल्या कॉम्प्युटरांपैकी तो एक. आज आपण घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवतो तेव्हा व्हर्लविंडकडून राहून गेलेलं मूळ कामच एका अर्थी पुरं करतो.

आता मिशिगन सरोवर. हा प्रकार मला सगळ्यांत आवडतो. नौदलाच्या वैमानिकाला शेवटी जहाजावर उतरता यायला हवं, पण युद्धाच्या काळात विमानवाहू जहाज शाळेसाठी कोण देणार? आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या. नौदलाने सरोवरातली दोन जुनी प्रवासी जहाजं घेतली, बाजूला मोठी चाकं असलेली, कोळशावर चालणारी. वरचे मजले कापले आणि सपाट डेक बसवला. वुल्व्हरिन १९४२ मध्ये आलं, सेबल १९४३ मध्ये. मुक्काम शिकागोच्या नेव्ही पिअरला, विमानं यायची ग्लेनव्ह्यूच्या तळावरून. पोरगा आठ वेळा नीट उतरला की पास. १७ हजारांहून अधिक वैमानिक असे तयार झाले. त्यांतल्या जॉर्ज बुश नावाच्या एका पोराने पुढे राष्ट्राध्यक्षपदही सांभाळलं.

या जहाजांना विमानं खाली न्यायची लिफ्ट नव्हती, ठेवायला हँगर नव्हता. दोन-चार विमानं मोडून डेकवर अडकून पडली की त्या दिवसाची शाळा सुटली. वारा पडला तरी सुटी, कारण जहाजाचा वेग मुळातच कमी आणि डेकवर पुरेसा वारा लागल्याशिवाय जड विमान उतरवता येत नाही. हे सगळं सिम्युलेटरमध्ये आणायचं तर जहाजाचं मॉडेल हे सोपं काम. अवघड काम म्हणजे वारा. वाऱ्याचा आकडा शून्यावर ठेवून वुल्व्हरिनवर उतरणारे मी पाहिले आहेत. त्यांना नमस्कार करावा आणि पुढे जावं.

सरोवरात शंभरावर विमानं बुडाली. पाणी गोडं आणि थंड, त्यामुळे धातू टिकला. पर्ल हार्बरच्या हल्ल्यातून आणि मिडवेच्या लढाईतून वाचलेलं २१०६ क्रमांकाचं डाँटलेस विमान शिकाऊ हातात पडून १९४३ मध्ये याच पाण्यात गेलं. १९९४ मध्ये ते वर काढलं आणि आज पेन्साकोलाच्या संग्रहालयात उभं आहे. मॉडेल बनवणाऱ्यांसाठी अशी विमानं म्हणजे खजिनाच. नट-बोल्टपासून रंगाच्या थरापर्यंत सगळं अस्सल.

घरगुती सिम्युलेटरची सुरुवातही त्याच काठावर व्हावी हा गमतीचा योगायोग. ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिक कंपनीने १९८० च्या आसपास ॲपल टू साठी पहिला खेळ काढला. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आला, आणि पुढे कित्येक वर्षं त्यात विमान सुरू व्हायचं ते शिकागोच्या मेग्ज फील्डवर. उजवीडावीकडे मिशिगनचं निळं पाणी. त्या पाण्याखाली काय आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मार्च २००३ मध्ये एका रात्रीत शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर लावून मेग्जची धावपट्टी उखडली. जुन्या सीडीत ती अजून शाबूत आहे. ग्लेनव्ह्यूचंही तसंच: तळ १९९५ मध्ये बंद झाला, आता तिथे घरं आणि दुकानं आहेत. माणसं नाहीशी झालेली मैदानं पुन्हा का बांधायला लागली, त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण खुद्द नौदलाने दिलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याने मायक्रोसॉफ्टच्या बाजारातल्या खेळात टी-३४सी विमानाचं कॉकपिट आणि कॉर्पस क्रिस्टीभोवतीचा प्रदेश स्वतः बसवला, त्यावर तालीम केली आणि खऱ्या उड्डाणात चांगले गुण मिळवले. नौदलाने तीच कल्पना उचलून इतर प्रशिक्षणार्थींना दिली. छंद आणि शाळा यांच्यातली भिंत तिथे पडली.

जुनं मैदान उभं करायला लागतं काय? त्या काळचे विमानातून घेतलेले फोटो, जुने नकाशे, उंचसखलपणाचे आकडे. शेवटची गोष्ट फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने अकरा दिवसांत जगातल्या बहुतेक जमिनीची मोजून ठेवली. अमेरिकेतल्या मैदानांचे फोटो सरकारी संग्रहांत मिळतात. आपल्याकडे पंचाईत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या खुल्या नकाशांवर लष्करी जागा दाखवत नाहीत. मग १९५० च्या दशकातले अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसचे १:२,५०,००० चे नकाशे उपयोगी पडतात. भारतातली धावपट्टी शोधायला टेक्सास विद्यापीठाचा संग्रह उघडायचा, याचं हसूही येतं.

आणि शोधण्यासारखं आपल्याकडे बरंच आहे. भारतीय नौदलाचा पहिला हवाई तळ, आयएनएस गरुड, कोचीला ११ मे १९५३ रोजी सुरू झाला. पहिली विमानं शॉर्ट सीलँड, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारी. आयएनएस हंस सप्टेंबर १९६१ मध्ये कोइंबतूरजवळच्या सुलूरला सुरू झाला आणि जून १९६४ मध्ये गोव्यात दाबोळीला आला. विक्रांतवर जाणाऱ्या सी हॉक आणि अलीझे विमानांचं तेच घर झालं. आजही तिथे जमिनीवरच जहाजाच्या डेकसारखा चढ बांधून सराव होतो. पेन्साकोलाच्या काळी धावपट्टीवर चुन्याने डेकची रेघ मारून दोन्ही हातांत झेंडे घेतलेला अधिकारी उभा करायचे, त्याचाच हा पुढचा अवतार.

नौदलाने शिकवणीसाठी वापरलेल्या विमानांत एचटी-२ आहे, किरण आहे. दोन्हींमागे डॉ. विष्णू माधव घाटगे. मूळ गाव गडहिंग्लज तालुक्यातलं हसूरचंपू. जर्मनीत गटिंगनला हवेच्या प्रवाहाचे नामांकित अभ्यासक लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट, मग बंगळूर, मग हिंदुस्तान एअरक्राफ्ट. एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. स्टीअरमनवर जीव ओवाळणाऱ्या आमच्या कोल्हापुरी मंडळींना हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही, मग लगेच "मग ते का नाही बनवायचं?"

तर ते बनवणं चालू आहे. लेथवाल्या मित्राने ॲल्युमिनियमच्या गजातून दांडा कातून दिला, पायाचे पेडल भंगारातल्या बेअरिंगवर बसवले. मी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन सीलँडच्या पोटाखाली वाकून फोटो काढत बसलो, घरचे गाडीत एसी लावून. स्टीअरमनकडून एक धडा घेतला: त्याच्या वरच्या पंखाखाली काचेची नळी लोंबते, तिच्यातला तरंगणारा तुकडा म्हणजे पेट्रोलचा काटा. पेट्रोल नुसतं वरून खाली उतरतं, म्हणून विमान उलटं केलं की इंजिन ठसकायला हवं. नाही ठसकलं तर ते विमान नव्हे, चित्र.

उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ चा, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला. तिथून दाबोळी सरळ रेषेत दीडशे किलोमीटर, आणि रेघ मारली तर ती आंबोलीवरूनच जाते. एचटी-२ च्या वेगाने पाऊण-एक तास. आम्ही दाबोळी १९६४ ची ठेवायची ठरवली आहे, म्हणजे आजचं प्रवासी टर्मिनल आधी पाडायचं. ते गेल्या रविवारी पाडलं. खालची जमीन भलतीच सपाट निघाली, तिथे काय होतं ते अजून शोधतोय.