सातव्या सेलचं दुखणं

मावसभावाचा फवारणीचा ड्रोन गेल्या पावसाळ्यात भर उसात बसला. आडसाली ऊस, माणूस बुडेल एवढा. पात्यांनी हात चिरत तो बाहेर काढला, तेव्हा भावाची तक्रार एकच होती, "अरे, चाळीस टक्के दाखवत होती की बॅटरी!" गावाच्या निदानानुसार नजर लागली होती, त्यामुळे ड्रोनच्या दांडीला लिंबू-मिरची आली. मी मीटर आणला.

या बॅटरीत लिथियमचे बारा सेल एकामागे एक जोडलेले असतात. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, म्हणजे सगळी बॅटरी ५०.४. मोठ्या कनेक्टरशेजारी बारीक वायरींचं एक पांढरं सॉकेट असतं, तिथे एकेक सेल वेगळा मोजता येतो. अकरा सेल ३.७८ ते ३.८० दाखवत होते. सातवा ३.६१. सरासरी ३.७७ च्या आसपास, आणि त्या हिशेबाने चाळीस टक्के बरोबरच! या ड्रोनला फक्त बेरीज दिसत होती.

"पण चार्ज केल्यावर सगळे सारखे असतात," भाऊ म्हणाला. लावून बघितली. बाराही सेल ४.२०.

खरी गंमत इथेच आहे. व्होल्टेज ही पाण्याची पातळी आहे, पाणी किती ते नव्हे. अकरा हंडे आणि एक कळशी काठोकाठ भरा, वरून सगळी भरलेलीच दिसणार. सेल एकाच साखळीत असल्याने प्रत्येकातून तेवढाच करंट जातो, म्हणजे प्रत्येक भांड्यातून तेवढेच तांबे भरून पाणी उपसलं जातं. कळशी आधी तळ गाठते. बॅलन्स चार्जर ज्याची पातळी वर गेली त्या सेलमधला थोडा चार्ज रेझिस्टरमध्ये जाळतो आणि पातळ्या जुळवतो. कळशीचा हंडा तो करू शकत नाही. उलट दुखणं झाकून ठेवतो.

त्यात लिथियमची चाल फसवी. ३.९ पासून ३.७ पर्यंत व्होल्टेज पठारावरून चालल्यासारखं हळूहळू उतरतं, ३.६ च्या खाली मात्र थेट कडा. त्यामुळे अर्ध्या वाटेपर्यंत आजारी सेल चारचौघांसारखाच दिसतो.

आता थोडा हिशेब. सेलच्या पोटात स्वतःचा रोध असतो. चांगल्या सेलचा दीड मिलिओहम धरा. भरल्या टाकीने उडताना १०० अँपिअर ओढले, की ०.१५ व्होल्ट आतच खर्च होतात आणि ३.७९ चे ३.६४ होतात. सातव्याचा रोध सहा मिलिओहम धरला तर त्याचे ०.६ व्होल्ट जातात, उरतात ३.०१. बेरीज ४३ च्या वर, ड्रोन निर्धास्त. पुढच्या काही सेकंदांत सातवा कड्यावरून दीड व्होल्टवर कोसळतो, बेरीज ४२ च्या खाली येते, आणि ती मर्यादा ओलांडली म्हणून ड्रोन आहे तिथे उतरतो. खाली ऊस असला तरी.

सेल असा का होतो? आतल्या ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जला एक पातळ पापुद्रा बसतो. तो हवाच, पण वाढत राहिला की लिथियम त्यात अडकतं आणि उरलेल्याची वाटही अरुंद होते. मे महिन्यात पूर्ण भरलेली बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा, पापुद्रा जोमाने वाढतो. सेलमधलं द्रावण विघटून वायू झाला की बॅटरी फुगते. फुगलेलीला टाचणी लावून हवा काढणारे महाभाग मी पाहिलेत. तो आग लावायचा सोपा मार्ग आहे.

नवी बॅटरी आठ तास चार्ज करा, एकदा पार रिकामी करा, हा सल्लाही लिंबू-मिरचीच्याच जातीचा. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियमचा सेल फार खाली नेला तर आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो.

तेव्हा मोजायचं ते चार्जरवर नाही. बॅटरीचा चार्ज उतरत असताना, शक्यतो लोडवर, म्हणजे ती करंट देत असताना मोजायचं. ते जमलं नाही तर उडवून झाल्यावर थंड, आराम दिलेल्या बॅटरीत ०.०२–०.०३ व्होल्टचा फरक चालतो. ०.१ झाला की मी ती उडवत नाही. आणि काम नसेल तेव्हा सेल ३.८ वर ठेवायचे.

भाऊ आता प्रत्येक फवारणीनंतर शेडच्या भिंतीवर खडूने बारा आकडे लिहितो. दुसऱ्या बॅटरीचा चौथा सेल गेल्या आठवड्यात ०.०६ मागे होता. लिंबू-मिरची अजून दांडीलाच आहे, वाळलेली.